वाजवता वाजवता ट्यूब अॅम्प बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटारचा ट्यूब अॅम्प मध्येच गप्प होतो, ही तक्रार आमच्याकडे बारा महिने येते. ऑर्केस्ट्रावाले, भीमगीतांच्या पार्ट्या, चर्चमध्ये वाजवणारे, दिवाळीनंतर वडशाकडं झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करणारे, घरीच रियाज करणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून ते एकत्र केले. प्रश्न बहुतेक त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठलाही पेच सैल करायच्या आधी प्रश्न ५ वाचा.

१. ट्यूब अॅम्प अन् साधा अॅम्प, बिघाडात फरक काय?

साध्या अॅम्पात ट्रान्झिस्टर आणि आयसी असतात, ट्यूब अॅम्पात काचेचे व्हॉल्व्ह. आजोबांच्या रेडिओत होते त्याच जातीचे. ईएल८४ ही ट्यूब बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही बनवली, आणि व्हॉक्सचा एसी३० अशाच चार ईएल८४ वर चालतो. त्यामुळं गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला हा अॅम्प आतून अगदीच परका नाही.

बिघाड शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ट्यूबला दोन वेगळे पुरवठे लागतात: फिलामेंट (आतली तापणारी तार) तापवायला ६.३ व्होल्ट आणि प्लेटला (ट्यूबमधला बाहेरचा पत्रा) ३०० ते ४५० व्होल्टची एचटी, म्हणजे हाय टेन्शन. यातला एक जरी गेला तरी आवाज जातो, पण जाण्याची तऱ्हा वेगळी असते. दोन, ट्यूब सॉकेटात नुसती खोचलेली असते, ती रोज तापते आणि थंड होते. त्यामुळं लूज कॉन्टॅक्ट हा या यंत्राचा पिढीजात रोग आहे.

२. आवाज गेला की सर्वांत आधी काय पाहायचं?

आवाज कसा गेला आणि गेल्यावर काय चालू राहिलं, एवढंच. लोक घाबरून आधी सगळी बटनं खालीवर करतात, आणि मग नेमकी खूण पुसली जाते. त्या क्षणी हात थांबवा आणि हे बघा.

पायलट दिवाही गेला आणि ट्यूबही काळ्या पडल्या, तर अॅम्पाला लाईनच मिळत नाही. बोर्ड, थ्री पिन टॉप, अॅम्पच्या मागं खोचलेली पॉवर केबल, मेन फ्यूज, या क्रमानं जा.

दिवा आहे, ट्यूब लालसर दिसतात, पण स्पीकरला कान लावला तर सूंऽऽ असा बारीक आवाजही नाही, तर एचटी गेली किंवा स्पीकरची वाट तुटली. प्रश्न ८ आणि १२ पाहा.

सूंऽऽ आवाज आहे पण गिटार येत नाही, तर पुढचा अर्धा भाग बघा: गिटार, केबल, पेडल, प्रीअॅम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या विभागाच्या) ट्यूब, इफेक्ट लूप (मागचे सेंड-रिटर्न जॅक). प्रश्न ६ आणि ७.

आता जाण्याची तऱ्हा. खटकन, कापल्यासारखा आवाज गेला तर कुठंतरी संपर्क तुटला. एक-दोन सेकंदांत फाटत, घरंगळत गेला तर एचटी गेली आणि फिल्टर कंडेन्सरमध्ये (एचटी साठवणारे मोठे कंडेन्सर) उरलेल्या चार्जवर अॅम्प तेवढा तगला. हळूहळू, आठ-दहा सेकंद घेत विझला तर फिलामेंटचा पुरवठा गेला असण्याची शक्यता मोठी, कारण कॅथोड (फिलामेंटनं तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) थंड व्हायला वेळ लागतो. एवढं तुम्ही मेकॅनिकला नीट सांगू शकलात तर त्याचं निम्मं काम झालंच.

३. कार्यक्रम रंगात आहे, मागं वळून पाहायला वेळ नाही. तेव्हा काय करावं?

अॅम्प स्टँडबायवर (ट्यूब तापत ठेवून एचटी तोडणारा स्विच) टाका आणि गिटारची केबल पेडलबोर्डातून सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला द्या, डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) असेल तर त्यातून. आवाज कोरडा येईल, पण गाणं थांबणार नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यानं डीआय बॉक्स आणि एक जादा केबल गाडीत कायम ठेवावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. जादा ट्यूब नंतर घेतली तरी चालते.

स्टँडबायवर टाकायचं ते का, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

४. भाऊ, आवाज जाते अन् डब्ब्याले चापट मारली का परत येते. हे काय होय?

लूज कॉन्टॅक्ट होय. पण चापट मारून तो कुठं आहे ते कळत नाही, कारण चापटेनं सगळंच हलतं.

वाळलेली बांबूची काडी घ्या, वीतभर. धातूचं काही नको, पेन्सिलही नको, कारण शिसं वीज नेतं. अॅम्प चालू, आवाज कमी, आणि काडीच्या टोकानं एकेका ट्यूबच्या काचेवर बोट टेकवल्याइतकं हलकं टिचकवा. प्रीअॅम्पची पहिली ट्यूब थोडी टुणटुण वाजणारच, तो दोष नाही. पण एखाद्या ट्यूबवर टिचकवताच आवाज गेला, आला किंवा चरचर झाली, तर दोष तिच्यात, तिच्या सॉकेटात किंवा सॉकेटाखालच्या सोल्डरिंगमध्ये आहे. त्या जागी तशीच चांगली ट्यूब लावून बघा. चांगल्या ट्यूबनंही तेच झालं तर सॉकेट.

सॉकेटाचा उपाय स्वस्त आहे. अॅम्प बंद, प्लग काढलेला, ट्यूब थंड. ट्यूब दोन-चार वेळा वर-खाली करून बसवली तरी पिनांवरचा काळा थर निघतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा पिनांवर मारा, सॉकेटात ओतू नका, आणि पूर्ण वाळू द्या. पकड ढिली झाली असेल तर मेकॅनिककडून सॉकेटाच्या पाकळ्या बारीक टोच्यानं आवळून घ्या. ते काम आतला चार्ज उतरवल्याशिवाय करायचं नसतं.

छोट्या हत्तीत बिनागादीचा अॅम्प टाकून खडीच्या रस्त्यानं आणला की ट्यूब सॉकेटातून अर्धा मिलीमीटर वर येतात. वरून बघितलं तर जागच्या जागी दिसतात. स्टेजवर लावण्याआधी, थंड असतानाच, प्रत्येक ट्यूब बोटानं दाबून घ्यायची सवय ठेवा.

५. मी स्वतः खोलून पाहू का? टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला आहे.

बाहेरून होणारी सगळी तपासणी करा: केबल, पेडल, लूप, स्पीकर, ट्यूब बदलणं. चेसिस (आतलं सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) बाहेर काढायचं असेल तर मात्र एक गोष्ट पक्की समजून घ्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज उभा राहू शकतो, आणि तो माणूस मारायला पुरतो. पेचकसानं शॉर्ट करून ठिणगी पाडायची जुनी पद्धत वाईट, त्यात कंडेन्सरही जातो. १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना लावून चार्ज उतरवा, मग मीटर डीसीवर ठेवून प्रत्येक मोठा कंडेन्सर तपासा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट घालायचं नाही. चालू अॅम्पात मोजमाप करावं लागलंच तर एकच हात वापरा, दुसरा खिशात.

ज्याला हे वाचून धाकधूक वाटली त्यानं खोलू नये.

६. दोष अॅम्पातच आहे हे कशावरून? माझी केबल तर नवी आहे.

नवी केबलही जाते, जॅकजवळ वाकून वाकून. गिटार-केबल-अॅम्प एवढीच सरळ जोडणी करा, मधली सगळी पेडलं काढा. आवाज टिकला तर दोष पेडलात, त्याच्या अॅडॉप्टरमध्ये किंवा पॅच केबलमध्ये. नऊ व्होल्टचे स्वस्त अॅडॉप्टर लाईन डिम झाली की आधी मान टाकतात आणि बदनाम अॅम्प होतो. अॅक्टिव्ह पिकअपची गिटार असेल तर बॅटरी बघा.

मग दुसरी केबल, मग दुसरी गिटार. गिटारच्या जॅकचं नट ढिलं असेल तर आतली वायर गोल फिरून तुटते. अॅम्पच्या इनपुट जॅकमध्येही एक पाकळी असते, जॅक खोचला नसताना ती इनपुट ग्राउंडला टेकवते. ती वाकडी झाली तर जॅक आत असूनही आवाज गायब. केबल इनपुटपाशी जराशी हलवल्यावर फरक पडतो का, ते बघा.

७. मागं सेंड-रिटर्न लिहिलेली दोन भोकं आहेत, मी ती वापरतच नाही. त्यांचा काही संबंध आहे का?

वापरत नाही म्हणूनच आहे. बहुतेक अॅम्पात लूप रिकामा असताना गिटारचा सिग्नल रिटर्न जॅकच्या स्विचमधून पुढं जातो. वर्षानुवर्षं काही खोचलं नाही की त्या पाकळीवर थर बसतो, आणि आवाज हळू होतो, मध्येच जातो, जोराचा ठोका दिला की परत येतो.

एक छोटी केबल सेंडमधून रिटर्नमध्ये जोडा. आवाज पूर्ववत झाला तर दोष सापडला. जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, प्लग पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. कुलपात मारायचं तेल नको, त्याचा चिकट थर धूळ ओढतो. आमच्या मते हा सगळ्यात जास्त सापडणारा आणि सगळ्यात कमी शोधला जाणारा दोष आहे. लोक यापायी ट्यूबचा पूर्ण संच बदलून बसतात.

याच जॅकनं आणखी एक निदान होतं. गिटार, शक्यतो एखाद्या पेडलमधून, सरळ रिटर्नला द्या. तिथून आवाज अखंड आला तर पॉवर विभाग ठीक, दोष प्रीअॅम्पात.

८. स्पीकरची केबल निघाली तं काय होते? एवढं काहून घाबरवता?

ट्यूब अॅम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधला) प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या गुंडाळीवर, व्होल्टेज हजारांच्या घरात उसळू शकतं. त्यात गुंडाळीचं इन्सुलेशन फुटतं किंवा ट्यूबच्या सॉकेटावर ठिणगी उडून जळका कोळसा राहतो. अॅम्पातला सगळ्यात महाग भाग तोच. म्हणून आवाज खटकन गेला की जोरजोरात तारा मारत बसू नका, आधी स्टँडबाय.

स्पीकर तपासायला अॅम्प बंद करा, केबल अॅम्पच्या बाजूनं काढा आणि मल्टीमीटर तिच्या जॅकला लावा. ८ ओहमचा एकच स्पीकर असेल तर ६ ते ७ दाखवेल, १६ चा असेल तर १२-१३. मीटर लावलेलाच ठेवून केबल हलवा आणि कोन बोटांनी अलगद आत दाबा. आकडा उड्या मारू लागला तर केबल किंवा व्हॉइस कॉइलच्या वेणीसारख्या तारा तुटत आल्या आहेत.

गिटारची केबल स्पीकरला लावू नका. दिसायला सारखी असली तरी आतली तार बारीक असते, मोठ्या आवाजात तापते आणि तुटते.

९. पंधरा-वीस मिनिटं छान वाजते, मग बंद. थंड झाला का पुन्हा चालू. काय प्रकार आहे?

उष्णतेनं सुटणारा जोड. तीन ठिकाणी शोधा. एक, ड्राय सोल्डर (पकड सुटलेलं सोल्डरिंग), विशेषतः जिथं ट्यूबचं सॉकेट सरळ पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) बसवलेलं असतं आणि जिथं ५ वॅटचे पांढरे रेझिस्टन्स पीसीबीला चिकटून तापतात. काही अॅम्पात ट्यूबसोबत आयसीही असतात, त्यांचा १५-१६ व्होल्टचा पुरवठा अशाच पांढऱ्या रेझिस्टन्सवरून येतो. तो जोड सुटला की ट्यूब मस्त तापलेल्या आणि आवाज शून्य.

दोन, ट्यूबचं फिलामेंट. आत तुटलेलं फिलामेंट थंड असताना टेकलेलं असतं, तापलं की सुटतं. खोलीतला दिवा घालवून बघत बसा. १२एएक्स७ मध्ये दोन बारीक ठिपके दिसतात. आवाज गेला त्या वेळी एखादा विझला का? ती ट्यूब बदला.

तीन, प्रीअॅम्पमधले १०० किलोओहमचे प्लेट रेझिस्टन्स. तापून उघडे पडायच्या आधी ते बहुधा चरचरतात, तळणीत पाणी पडल्यासारखे. मेकॅनिक हेअर ड्रायरनं एकेक भाग तापवून दोष लवकर पकडू शकतो.

१०. सकाळी नीट चालते, संध्याकाळी सातनंतर दम टाकते. ट्यूब कमजोर झाल्या का?

आधी लाईन मोजा. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला मोटारी सुरू झाल्या की डीपीच्या टोकाच्या घरात लाईन किती डिम होते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. तो १८० वर आला तर ६.३ व्होल्टचं फिलामेंट ४.९ वर येतं आणि ४५० ची एचटी साडेतीनशेच्या आसपास. कॅथोड पुरेसा तापत नाही, इलेक्ट्रॉन कमी सुटतात, आवाज आधी लेचापेचा होतो, मग फाटतो, मग बसतो. आयसी आणि रिलेचा पुरवठा तर त्याआधीच गळतो, आणि चॅनेल आपोआप बदलल्यासारखं वाटतं.

मीटर एसीवर ठेवून बोर्डाजवळ लावा आणि आवाज जातो त्या वेळचा आकडा लिहा. अॅम्पच्या मागं व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर लाईन डिम आहे म्हणून तो खालच्या खुणेवर टाकू नका. रात्री अकराला मोटारी बंद झाल्या की लाईन उसळते, तेव्हा महागात पडेल.

११. मग स्टॅबिलायझर लावला. आता अॅम्प बंद पडून बरोबर तीन मिनिटांनी आपोआप चालू होते!

तो फ्रीजचा स्टॅबिलायझर आहे. कॉम्प्रेसर सांभाळण्यासाठी त्यात वेळ धरून ठेवायची सोय असते: व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की आउटपुट तोडायचं आणि काही मिनिटांनी द्यायचं. ती सोय बंद करायचं बटन असेल तर बंद करा. नाहीतर सर्वो स्टॅबिलायझर घ्या. रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना खट् करतो आणि क्षणभर पुरवठा तोडतो, स्पीकरमधून तो ठोका ऐकू येतो. सर्वोत मोटर हळू फिरते, तोड पडत नाही. ५० वॅटच्या एका अॅम्पाला आणि पेडलबोर्डाला १ केव्हीए भरपूर झाला. त्यावर हॅलोजन आणि कूलर लावू नका.

१२. फ्यूज उडते. मोठा टाकला तं चालन का?

नाही. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदीही नाही. मागं छापला आहे तेवढ्याच अँपिअरचा, आणि टी लिहिलं असेल तर सावकाश उडणाराच घ्या. साधा जलद फ्यूज त्या जागी टाकला तर अॅम्प चालू करतानाच्या पहिल्या झटक्यातच जातो.

बऱ्याच अॅम्पात दोन फ्यूज असतात, एक मेनचा आणि एक एचटीचा, कधी आत लपलेला. एचटीचा उडाला की दिवा चालू, ट्यूब लाल, आवाज नाही. काचेतून बघून फ्यूजवर विश्वास ठेवू नका, काढून मीटर लावा. टोपीत सुटलेली तार डोळ्यांना धडधाकट दिसते.

नवा फ्यूज पुन्हा उडाला तर प्लग काढून थंड झाल्यावर पॉवर ट्यूब बाहेर काढा, सारखाच नवा फ्यूज टाका आणि चालू करा. आता टिकला तर बहुधा एखादी पॉवर ट्यूब आतून शॉर्ट आहे. तरीही उडाला तर रेक्टिफायर, फिल्टर कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर, आणि ते मेकॅनिकचं काम.

१३. एक ट्यूब दिव्यासारखी लालभडक होते, मग आवाज बसते.

ताबडतोब बंद करा. मधोमध नारिंगी फिलामेंट दिसणं ठीक, पण बाहेरची करड्या रंगाची प्लेट लाल होणं म्हणजे त्या ट्यूबमधून बेसुमार करंट जातो आहे. ट्यूबची जागा अदलाबदल करून काही सेकंदच बघा. लाली ट्यूबबरोबर सरकली तर ट्यूब गेली. लाली त्याच सॉकेटावर राहिली तर बायस (ट्यूबचा करंट आवरणारं व्होल्टेज) येत नाही किंवा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ट्यूबला देणारा) गळतो आहे. अशा वेळी नवी ट्यूब लावली तर तीही जळेल.

१४. पूर्ण बंद नाही होत, अर्धा होते. आवाज पातळ अन् फाटका.

पुश-पुल अॅम्पात दोन ट्यूब मिळून लाटेचे दोन अर्धे उचलतात. एक बसली की हे होतं. फिलामेंट विझलेलं दिसतं का ते बघा. फिलामेंट पेटलेलं असेल आणि प्रकार चालूच असेल तर त्या सॉकेटाचा स्क्रीन रेझिस्टन्स, साधारण ४७० ओहम किंवा १ किलोओहमचा, जळून उघडा झाला असेल. अर्धेपणा एकाच चॅनेलला असेल तर प्रीअॅम्प किंवा फूटस्विचची केबल.

१५. मे महिन्यात दुपारच्या लग्नात बंद पडला. ट्यूबले ऊन लागते का?

ट्यूबला नाही. तिची काच एरवीही हात भाजेल एवढी तापते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५-४६ अंशांचं तिला काय. त्रास होतो तो आसपासच्या मंडळींना: फिल्टर कंडेन्सर, सोल्डरिंग, ट्रान्सफॉर्मर. काही ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत उष्णतेचा कटआउट असतो, फार तापलं की तोडतो आणि थंड झाल्यावर जोडतो. सगळे दिवे जाऊन अर्ध्या-पाऊण तासानं अॅम्प आपोआप जिवंत झाला तर हाच संशय घ्या. प्रश्न ९ पेक्षा हे वेगळं आहे, तिथं पायलट दिवा जात नाही.

अॅम्पची पाठ कनातीला टेकवू नका, वर हारतुरे ठेवू नका, मागून टेबलफॅनची हवा द्या. आणि ऊन पडलं म्हणून ओलं फडकं टाकणाऱ्याला आवरा.

१६. अमेरिकेतून भाच्यानं आणलेला अॅम्प आहे, ११०-१२० व्होल्टचा. स्टेपडाउनवर लावतो, तरी बंद पडतो.

स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा व्हीए अॅम्पच्या मागणीच्या दुप्पट ठेवा आणि सॉकेट हलवून बघा. चपट्या पिना आपल्या बहुउपयोगी सॉकेटात ढिल्या बसतात, दोष बहुधा तिथंच असतो. अॅम्पच्या पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापणार. ५०/६० लिहिलं असेल तर ती चिंता नाही.

१७. पावसाळाभर कोठीत ठेवला होता. आता चरचर अन् मधूनमधून बंद.

दमट हवेनं पिना, जॅक, पॉट (नॉबखालचे भाग) सगळ्यांवर थर चढतो. प्रश्न ४ आणि ७ चे उपाय आधी करा. पण चालू करण्याच्या आधी मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशी मातीचं घरटं सॉकेटांच्या मधोमध बांधते, आणि दमट माती एचटीच्या पिनांमध्ये असली की आधी चरचर, मग ठिणगी. उंदीर स्पीकरच्या वायरी कुरतडतात, मीठ असलेली त्यांची लघवी पीसीबीवरचं तांबं खाते. घरटं काडीनं कोरडंच काढा, पाणी लावू नका.

१८. अॅम्पाले हात लावला का मुंग्या येते. अर्थची पिन तोडली तं गुणगुण कमी झाली, चालते ना?

चालत नाही. पिन तोडलेल्या अॅम्पात आत काही शॉर्ट झालं तर गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट येतात आणि ओठ माइकला लागतात. पिन परत बसवा. मंडपाच्या बोर्डाला अर्थिंग आहे का, ते साउंडवाल्याला विचारा. जनरेटर असेल तर त्याचंही. गुणगुण घालवायचे दुसरे मार्ग आहेत: गिटारचा अॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, पेडलांचे पुरवठे वेगळे करा.

१९. मेकॅनिककडे दोन दिवस चालला, काहीच झालं नाही. घरी आणला का बंद. मी काय खोटं बोलतो का?

नाही. त्याच्या टेबलावर तुमची लाईन नाही, तुमचे पेडल नाहीत, आणि कॉम्बो अॅम्पातल्या (अॅम्प-स्पीकर एकाच खोक्यात) स्पीकरचा पूर्ण दणका त्यानं दिलेला नाही. बारा इंची स्पीकर शेजारच्या ट्यूबला जसा हादरवतो तसा हळू आवाजात हादरवत नाही. एखाद्याच सुरावर आवाज जात असेल, समजा खालच्या ई तारेवर, तर दोष हादऱ्याचाच.

मेकॅनिककडं अॅम्प नेताना पॉवर केबल, स्पीकर, फूटस्विच, पेडलबोर्ड, सगळं न्या. आवाज जातो तेव्हाचा व्हिडिओ दाखवा, त्यात ट्यूब दिसल्या पाहिजेत. लाईनचा तुमच्या घरचा आकडा सांगा म्हणजे तो व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) अॅम्प १८० व्होल्टला चालवून बघेल. रेझिस्टन्स आणि ४५० व्होल्टचे कंडेन्सर नागपूरला सीताबर्डीत मिळतात, ट्यूब बहुधा ऑनलाइनच मागवाव्या लागतात. म्हणून आधी ट्यूब मागवू नका. काढलेले जुने भाग परत मागा, आणि कोणत्या जागेवरचा कोणता भाग बदलला ते पेन्सिलनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहायला सांगा.